कैलासवासी वडिलांचा घटस्फोट

विद्याचरण मास्तरांना स्वतःच्या घटस्फोटाची सही-शिक्क्याची एक नक्कल हवी होती. एवढंच. त्यांनी कोणाची उसाची जमीन मागितली नव्हती, की सरकारने आपल्याला तोफांची सलामी द्यावी असंही म्हटलं नव्हतं. एक पान. पण या बेटावरच्या वुनीकाऊ गावात एक पान मिळवायचं म्हणजे काय, हे ज्याने मिळवलंय त्यालाच कळतं. ज्याने मिळवलं नाही तो तुम्हाला सल्ला देतो.

पान हवं होतं ते लग्नासाठी. एकोणसाठाव्या वर्षी मास्तर पुन्हा बोहल्यावर चढत होते. वधू इंद्रावती, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, विधवा, चौपन्न वर्षांची, आणि माणसाकडे बघताना त्याचा ताप किती असेल याचा अंदाज बांधणारी. शनिवारी सकाळी दहाला नोंदणी ठरली होती. नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं, "पहिलं लग्न मोडल्याचा कागद शुक्रवारी दुपारपर्यंत आणा. नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल." मास्तरांकडचा कागद मागच्या मोठ्या तुफानात छपराबरोबर गेला होता. छप्पर शेजारच्या उसात सापडलं. कागद नाही सापडला. कागदाला अक्कल असते.

आता मास्तरांची खरी अडचण कागद नव्हती. खरी अडचण अशी, की इंद्रावतीला त्यांनी एक वाक्य सांगून ठेवलं होतं: "तिचं मन इथे रमेना, म्हणून मीच तिला मोकळं केलं." हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की ते बोलताना त्यांचा आवाजसुद्धा आपोआप क्षमाशील व्हायचा. कोर्टातल्या फायलीत मात्र दुसरंच काही लिहिलेलं असणार, याची त्यांना खात्री होती. म्हणून त्यांचा बेत साधा होता: गुपचूप जायचं, निकालाचं एक पान घ्यायचं, बाकीची फाइल जिथे आहे तिथे धूळ खात राहू द्यायची, आणि इंद्रावतीला तिकडे फिरकू द्यायचं नाही.

सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पोस्टामागच्या कोर्टात गेले. बावीस वर्षं हेडमास्तर राहिलेला माणूस रांगेत उभा राहत नाही. तो रांगेच्या बाजूला, रांगेकडे लक्ष ठेवल्यासारखा उभा राहतो. त्यामुळे त्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागला. कौटुंबिक खटल्यांच्या, म्हणजे 'कुटुंबाच्या' खिडकीवर सेरुवाया होती, बेटाच्या मूळ लोकांतली. कानामागे जास्वंद, समोर संगणक. मास्तरांना बघताच ती खुर्चीतून अर्धी उठली. सहावीत ती त्यांच्याच वर्गात होती.

"गुड मॉर्निंग, मास्तर."

"बस, बस," मास्तर उदारपणे म्हणाले. "त्र्याण्णव सालचा एक निकाल आहे. माझ्या नावाचा. नक्कल हवी."

सेरुवायाने नाव टंकलं. पुन्हा टंकलं. मग आडनाव आधी घालून पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "मास्तर, तुमचा घटस्फोट झालेला नाही."

मागे रांगेत कोणीतरी खाकरलं.

"नीट बघ. समोरच्या पक्षाचं नाव फूलकुमारी."

"फूलकुमारी..." सेरुवायाचा चेहरा उजळला. "हो, आहे! फूलकुमारी विरुद्ध शिवपदारथ."

"शिवपदारथ माझे वडील!"

"मग वडिलांचा झालाय."

आता हे कसं झालं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथल्या हिंदुस्थानी माणसाचं नाव सरकारी कागदावर एकटं कधी जातच नाही. बाप पाठीशी लागतो. 'विद्याचरण, व. ना. शिवपदारथ'. व. ना. म्हणजे वडिलांचे नाव. आजोबा-पणजोबा ऊस तोडायला बोटीतून उतरले तेव्हा गोऱ्या कारकुनाने ही सवय लावली. गोरा गेला, कारकुनी राहिली. पुढे जाड वह्यांतल्या नोंदी संगणकात भरायची वेळ आली तेव्हा कोणा महाभागाची नजर विद्याचरणवरून घसरली आणि शिवपदारथवर जाऊन बसली. दुपारचं जेवण झालं असेल. जेवणानंतर इथे अशा गोष्टी होतात आणि पुढच्या तीन पिढ्या त्या निस्तरतात.

"माझे वडील अठ्ठ्याऐंशी साली वारले," मास्तर दात आवळून म्हणाले. "निकाल त्र्याण्णवचा. वारल्यावर पाच वर्षांनी कोण घटस्फोट घेतं?"

"नोंदीत ते वारल्याचं काही नाही, मास्तर."

"आणि फूलकुमारी माझी बायको होती!"

सेरुवायाने नजर खाली घातली. "ते घरातलं खाजगी आहे. आम्ही त्यावर बोलत नाही. कायदाच आहे तसा."

"फाइल उघड. आत माझी सही आहे."

"कुटुंबाच्या फायली फक्त पक्षकाराला दाखवता येतात. नाहीतर त्याच्या वकिलाला. नाहीतर मॅजिस्ट्रेटची परवानगी, तिला महिना लागतो. तुम्ही पक्षकार असाल तरच फाइल उघडता येईल."

"मी पक्षकार आहे हे फाइल उघडल्यावरच कळेल ना!"

"हो," सेरुवाया सहानुभूतीने म्हणाली आणि आपल्या भाषेत हळहळली. "इसा, मास्तर, फार वाईट वाटतं."

"मग नोंद दुरुस्त करायचा अर्ज दे."

"तो पक्षकाराने करायचा असतो."

मास्तरांनी खिडकीची कड धरली. "सेरुवाया, तू मला ओळखतेस. जरा डोकं चालव."

तेव्हा सेरुवाया जे बोलली ते मास्तरांना फार लागलं. "मास्तर, सहावीत मी डोकं चालवलं होतं. तुम्ही शून्य दिलंत. म्हणालात, प्रश्नात लिहिलंय तेवढंच बघायचं, मनचं घालायचं नाही. त्या दिवसापासून मी घालत नाही. म्हणून तर ही नोकरी लागली."

संध्याकाळी जयनारायणच्या ओसरीवर नंगोन्याचं घमेलं मांडलेलं होतं आणि त्याच्या कडेने सल्लागार मंडळ बसलं होतं. मुळी कुटून केलेलं हे मातकट पाणी नारळाच्या करवंटीतून चार वेळा घशाखाली गेलं की जीभ बधिर होते, असं म्हणतात. वुनीकाऊत त्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. जयनारायण भजनी मंडळात ढोलक वाजवायचा. त्याआधी तीस वर्षं साखर कारखान्यात काट्यावर उसाचे ट्रक तोलायचा. त्यामुळे समोर उभी राहिलेली कुठलीही गोष्ट आपण तोलू शकतो, असा त्याचा समज झाला होता.

"तुमचं चुकतं काय सांगू, मास्तर? तुम्ही कागदाशी बोलायला जाता. कागदाला कागदानेच मारायचं. सरळ प्रतिज्ञापत्र करा: विद्याचरण आणि शिवपदारथ ही दोन्ही नावं एकाच इसमाची. संपलं!"

"अहो पण ती दोन माणसं आहेत."

"एक तर गेलेत ना? मग राहिला कोण? एकच."

टॅक्सीवाला रफीक म्हणाला, "माझं तीन नावांचं आहे, मास्तर. जन्मदाखल्यावर रफीक अली, शाळेत अली रफीक, परवान्यावर नुसता रफी. प्रतिज्ञापत्र केलं, एका दिवसात तिघं एक झालो. बायको मात्र चौथ्याच नावाने हाक मारते. त्याचं प्रतिज्ञापत्र होत नाही."

हे खरं होतं. या बेटावर असा माणूस विरळा, ज्याने आयुष्यात एकदा तरी आपण आपणच असल्याची शपथ घेतलेली नाही. शपथ घेववून शिक्का मारायचा सरकारी अधिकार असलेले मान्यवर म्हणजे गावातले लोखंडी सामानाचे दुकानदार. मंगळवारी सकाळी त्यांनी एका हाताने खिळे तोलत दुसऱ्या हाताने शिक्का मारला. कागद वाचला नाही. वाचणं हे मान्यवरांचं काम नाही. ते कोणाचं काम आहे याचा शोध अजून लागायचा आहे. आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या वहीतला एक काना सोडला नाही अशा मास्तरांनी, 'मी विद्याचरण ऊर्फ शिवपदारथ, एकच व तोच इसम' या ओळीखाली वळणदार सही ठोकली. घाई माणसाला कुठे नेते पाहा. सही करताना त्यांना अक्षराचं वळण तेवढं दिसलं.

दुपारी सेरुवायाने प्रतिज्ञापत्र वाचलं आणि तिला मनापासून आनंद झाला. "हे छान झालं! म्हणजे शिवपदारथ तुम्हीच. आता ओळखपत्र द्या."

ओळखपत्रावर होतं: विद्याचरण, व. ना. शिवपदारथ.

सेरुवायाने बोट ठेवून हळूहळू वाचलं. "विद्याचरण म्हणजेच शिवपदारथ... म्हणजे शिवपदारथ, वडिलांचे नाव शिवपदारथ. मास्तर, तुम्ही तुमचेच वडील?"

रांगेतला खोकला आता उघड हसू झाला होता.

"आणि काल तुम्हीच म्हणालात, शिवपदारथ अठ्ठ्याऐंशी साली वारले. मला खात्री करावी लागेल." जन्म-मृत्यूची नोंद त्याच व्हरांड्यात, दोन खिडक्या सोडून. सेरुवाया गेली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली. "वारलात, मास्तर. नोंद आहे. जूनमध्ये."

लग्नाची खिडकी मधलीच. तिथल्या बाईने सगळं ऐकलं होतं. तिने मान बाहेर काढली. "शनिवारचं दहाचं लग्न तुमचंच ना? मयत इसमाचं लग्न मला लावता येणार नाही. शुक्रवारपर्यंत काय ते ठरवा."

मंगळवारी संध्याकाळी भजनी मंडळाची बैठक. पोथी उघडली, झांजा खणखणल्या, आणि एरवी ज्या गाण्याने माणूस स्वतःला तासभर विसरतो, तेच गाणं त्या दिवशी मास्तरांना विसरू देईना. कारण मंडळ स्थापन केलं शिवपदारथांनी. चाळीस वर्षं त्या माणसाने असं गायलं की ऊसतोडीचे मजूर दिवसभर कोयता धरलेली बोटं टाळीला उघडायचे. त्या गळ्यात देव होता, आणि घरात एका शब्दाचा तंटा नव्हता. आता त्यांच्या हारातल्या फोटोकडे बघून म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागत होत्या. जयनारायणने बातमी काट्यावर तोलून, वर थोडी टाकूनच वाटली होती.

"शिवपदारथकाकांनी? सुनेला?"

"कोर्टात कागद आहे म्हणे."

"बाई, बाई! आणि आवाज किती गोड होता!"

मास्तरांच्या कानशिलांची आग झाली. आपला अपमान गिळायला ते तयार होते. म्हणजे तयार नव्हते, पण सवयीने गिळला असता. बापाचं नाव मात्र आपल्या एका पानापायी व्हरांड्यात लोळत होतं. पुढचं भजन त्यांनी एक सूर वर उचललं आणि सगळ्या मंडळाला तारेवर चढवलं.

प्रसाद वाटताना इंद्रावती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मास्तर, मी ऐकलं तुम्ही वारलात."

"तांत्रिक अडचण आहे."

"नाडी बघू?" ती हसली नाही. "फाइल पक्षकारालाच मिळते ना? मग फूलकुमारी आहे की. तिच्याकडे जा."

"छे, छे! तिला कशाला त्रास!"

"त्रास कसला? तुम्हीच तिला मोकळं केलंत ना? इतका मोठा उपकार केलात, ती एक सही करणार नाही होय?"

मास्तरांच्या हातातला प्रसाद तिथेच थांबला. घासूनपुसून ठेवलेलं वाक्य पहिल्यांदाच त्यांच्यावर उलटलं होतं.

बुधवारी ते रफीकच्या टॅक्सीने पुढच्या गावी गेले. फूलकुमारीचं शाळांच्या गणवेशांचं दुकान होतं. आठ शिवणयंत्रं, बारा शाळा, बाहेर मोठी पाटी. पाटीत व्याकरणाची एक चूक होती. मास्तरांनी मोठ्या कष्टाने तिच्याकडे पाठ केली. रफीक पाणी पिण्याच्या निमित्ताने आत आला आणि पाणी फार सावकाश प्यायला.

फूलकुमारीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बसा. तिथे नको, सुया आहेत. सव्वीस वर्षांनी आलात. माझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर घेऊन आलात का?"

"उत्तर पाठवलं होतं मी."

"पत्रच परत पाठवलं होतंत. लाल शाईने दुरुस्त करून. खाली दहापैकी चार."

रफीकला ठसका लागला.

मास्तरांनी व. ना. पासून व्हरांड्यापर्यंत सगळं सांगितलं. फूलकुमारी ऐकत होती, आणि मध्येच तिने कात्री खाली ठेवली. "बाबूजींचं नाव लावलं? त्या देवमाणसाचं? त्यांच्यासारखा एक दिवस तुम्ही वागला असतात तर मी कशाला..." ती थांबली. "त्या बाईला काय सांगितलंय माझ्याबद्दल?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "की तुझं मन रमेना, म्हणून मी... मोकळं केलं."

फूलकुमारी इतकी हसली की आठही यंत्रं थांबली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या दहाला येते. तिला घेऊन या."

"तिला कशाला?"

"ती असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही वारलेलेच बरे."

परत येताना रफीक त्यांना धीर देत होता. म्हणजे बोलत होता. "मास्तर, खोटं बोलून टाका. माझा साडू तसंच करतो. सुखी आहे. एकटाच राहतो आता."

गुरुवारी दहाला कुटुंबाच्या खिडकीपुढे फूलकुमारी, इंद्रावती, मास्तर, आणि काहीच काम नसलेला रफीक. फूलकुमारीने ओळखपत्र सरकवलं. सेरुवाया आत गेली आणि सात मिनिटांत फाइल घेऊन आली. सात मिनिटं! चार दिवस ज्या फायलीसाठी एक सुशिक्षित गृहस्थ स्वतःचा बाप झाला, मेला, गावभर नाचक्की झाली, ती सात मिनिटांच्या अंतरावर एका फळीवर पडली होती. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं: फूलकुमारी विरुद्ध विद्याचरण, व. ना. शिवपदारथ. फूलकुमारीने तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज भरला. सेरुवायाने मास्तरांचं प्रतिज्ञापत्र परत केलं. शिवपदारथ सुटले, मास्तर जिवंत झाले.

निकालाच्या नकलेवर शिक्का बसला. मास्तरांनी झडप घालावी तसा हात पुढे केला. पण कागद घेतला फूलकुमारीने, आणि फाइल मिटली नाही.

"अर्ज कोणी केला होता ते इथे आहे," ती म्हणाली. "का केला तेही." तिने फाइल इंद्रावतीकडे वळवली.

"ताई, दाखवता येणार नाही," सेरुवाया घाबरून म्हणाली. "फक्त पक्षकार."

"मग मी वाचते. माझी फाइल, माझं तोंड. तिला कान असले तर मी काय करणार?" आणि ती वाचू लागली. "एक. प्रतिवादी माझ्या आईला लिहिलेली माझी पत्रं तपासून गुण देतो. दोन. पोळी गोल नसल्यास ती दारामागे खिळ्याला टांगून मला नमुना म्हणून दाखवतो. तीन. मी गुणगुणले की माझी चाल चुकली म्हणतो. त्यामुळे मी गायचं सोडलं. चार. गेल्या पाच महिन्यांत त्याने मला नावाने हाक मारलेली नाही, 'चूक' म्हणूनच..."

तिसऱ्या मुद्द्याला तिचा आवाज जरा खाली गेला. लग्नाच्या खिडकीतली बाई अर्धी बाहेर आली होती. मास्तरांना खरं तर सांगायचं होतं की पोळी एकदाच टांगली होती. ते त्यांनी सांगितलं नाही. चार दिवसांतली ही त्यांची पहिली शहाणपणाची गोष्ट.

इंद्रावती एखाद्या रोग्याचा इतिहास ऐकावा तशी ऐकत होती. संपल्यावर ती मास्तरांकडे वळली.

"कोण कोणाला सोडून गेलं?"

"त्याचं असं आहे, की त्या काळची परिस्थिती..."

"एका वाक्यात."

मास्तरांनी घसा साफ केला. क्षमाशील आवाज काही लागेना. खिडकीतून सेरुवाया बघत होती, रांग बघत होती, रफीक तर बघण्यासाठीच आला होता. मास्तरांना वाटलं, हा कागद नको, लग्न नको, घरी जावं आणि दार लावावं. मग ते बोलले, आणि आवाज त्यांचा नसल्यासारखा निघाला.

"ती मला सोडून गेली. शुक्रवारी, दुपारच्या बसने. मी शाळेतून आलो तेव्हा चूल थंड होती." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, "तिची चाल चुकत नव्हती. माझीच चुकायची."

फूलकुमारीने फाइल मिटली आणि सेरुवायाकडे सरकवली. तिने कागद इंद्रावतीच्या हातात दिला, पदर खोचला आणि बसच्या दिशेने निघून गेली, मागे न बघता, कारण बारा शाळांचे गणवेश व्हायचे होते.

इंद्रावतीने कागद दोनदा वाचला. मास्तर उभे होते. इतकी वर्षं त्यांनी लोकांचे निकाल लावले. निकालासाठी उभं राहणं काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग ती शेजारच्या खिडकीकडे गेली, कागद आत टाकला आणि म्हणाली, "शनिवारचे दहा. माझ्याच नावावर ठेवा."

परत येताना ती मास्तरांपाशी थांबली.

"एक सांगून ठेवते, मास्तर. मी सोडून गेले तर बसने जाणार नाही. रफीकच्या टॅक्सीने जाईन. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला खरं ते कळेल, तुम्हाला काही रचून सांगायची मेहनत पडायची नाही."

"केव्हाही हाक मारा, ताई," रफीक आदराने म्हणाला. "रविवारी मी मोकळाच असतो."